जर्मनची चाल

मास्तर,

जय भीम.

उद्या सकाळी पांडुभाऊ नाटक मंडळीसाठी पायपेटी न्यायला येणार आहेत, म्हणून आज लिहायला बसले. एरवी तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तुम्ही नाटकाला गेलात तरी चार गावांपलीकडे जात नव्हतात. कोणीतरी सायकलीवरून यायचं, दारातूनच ओरडायचं, "मास्तर परवा येऊन राह्यले वो!" आणि पुढे निघून जायचं. तेवढ्यावर आपलं भागलं.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली. मंडप आज सकाळी सोडला. मी अजून रडले नाही. तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून दुसऱ्याकडून कळायला नको. दात काढायच्या आधी दवाखान्यात सुई देतात ना, गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं आहे. अंगभर. लोक मिठी मारून रडतात, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, रडून घे वो, मोकळी होशील." आता काय करू? रडणं काय पिशवीत ठेवलं आहे काढून द्यायला?

तापाचं तुम्हाला माहीतच आहे. चढला, उतरला, पुन्हा चढला आणि डोक्यात गेला. शेवटच्या दिवशी तुम्ही मला ओळखलं नाही, पण खाटेच्या कडेवर दोन्ही हातांची बोटं चालली होती. पायही हलत होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, झटके येत आहेत. मी म्हटलं, "नाई जी, पेटी वाजवून राह्यले." डावा हात उजव्याच्या मागून येत होता, त्यावरून मी ओळखलं कोणाचं वाजवता आहात ते. शेवटच्या घटकेलाही तोच! बायको उशाशी बसलेली आणि तुम्ही आपले जर्मनाकडे!

खरं सांगते मास्तर, सगळ्या बायकांना सवतीची भीती असते ती जिवंत बाईची. माझी सवत म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक बाप्या.

तो आपल्या घरी कसा आला ते मला चांगलं आठवतं. मिशनच्या दवाखान्याचे पडदे शिवायचं काम तुम्हाला मिळालं होतं. मापं घ्यायला म्हणून गेलात आणि दिवस मावळला तरी घरी नाही. आलात ते डोळे वेगळेच घेऊन. तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत म्हातारे पाद्रीबाबा पायपेटी वाजवत होते. तुम्ही पेटी आधीपासून वाजवायचात, हाताची. पण ही पायाने भाता मारायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. तुम्हाला काय, शिलाईयंत्रामुळे पायांना जन्माची सवय. पाद्रीबाबांनी जागा दिली आणि तुम्ही पहिल्या दिवशीच भाता असा मारलात की ते म्हणाले, "आप के पैर तो पहले से सीखे हुए हैं." हे वाक्य तुम्ही मला जेवताना सांगितलंत, आंघोळीला जाताना सांगितलंत आणि निजताना पुन्हा एकदा सांगितलंत.

पडदे शिवून झाले तरी तुमचं जाणं काही थांबलं नाही. पाद्रीबाबांकडे एक जाड पुस्तक होतं, त्यात त्या माणसाचं सगळं संगीत छापलेलं आणि पुढे त्याची हकिगत. ते जर्मन वाचायचे, हिंदीत सांगायचे, तुम्ही घरी येऊन मला आपल्या झाडीबोलीत सांगायचात. तीन भाषा ओलांडून माणूस माझ्यापर्यंत यायचा, मी तवा उतरवता उतरवता ऐकायची. नाव योहान टोबियास असं काहीतरी. आडनाव तुम्ही घशात अडकलेला माशाचा काटा काढल्यासारखं म्हणायचात, ते माझ्या तोंडी कधी बसलं नाही. मी म्हटलं, जर्मन म्हणू. तेच पुढे राहिलं.

पुस्तकात त्याचं चित्र होतं. डोक्यावर पांढरे कुरळे केस, खांद्यापर्यंत. मी विचारलं, "हा बाप्या आहे का बाई?" तुम्हाला राग आला. "थे टोप असते. मोठ्या माणसाइनं घालाचे असते." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणालात, "नाटकातल्या टोपापेक्षा बरा शिवला आहे."

जर्मनाचा बाप शिंपी होता. इथेच तुम्ही अडकलात, मला माहीत आहे. शिंप्याचं पोरगं, सुया ओवायला बसवलेलं, आणि देवळातला मोठा बाजा ऐकायला शेजारच्या शहरात पायी जायचं. बापाचा मार खायचं. मोठं झालं तेव्हा एका लहानशा गावात देवळाचा बाजा वाजवायची नोकरी मिळाली आणि शाळेत पोरांना गाणं शिकवायचं काम. दर रविवारी नवीन चीज करायची. एकदा वाजली की ठेवून द्यायची, पुढच्या रविवारी आणखी नवीन. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसारखं? दरसाल नवं नाटक?" तुम्ही म्हणालात, "दरसाल नाई, दर हप्त्याले." आणि मान हलवत बसलात.

मोठ्या शहरात त्याच्यापेक्षा मोठे लोक होते. त्यांची नावं साऱ्या जगाला माहीत, असं पाद्रीबाबा म्हणायचे. त्या शहरातल्या मोठ्या देवळाची जागा रिकामी झाली तेव्हा हाही गेला परीक्षेला. सगळ्यांत चांगलं यानं वाजवलं, आणि नेमलं शहराच्या मुख्य माणसाच्या जावयाला! हे सांगताना तुम्ही ताटावर मूठ आपटली होती, आठवतं का? वरण माझ्या लुगड्यावर उडालं. जसं काही कालच जिल्हा परिषदेत तुमची जागा दुसऱ्याला दिली.

जर्मन गावी परत आला आणि मरेपर्यंत तिथेच वाजवत राहिला. लेकरं पुष्कळ झाली, पुष्कळ गेली. म्हातारपणी दिसेनासं झालं.

आणि मग त्याची बायको.

इथे आपलं भांडण व्हायचं. दर वेळी व्हायचं. जर्मन मेल्यावर घरात संगीताच्या कागदांच्या पेट्याच पेट्या होत्या. त्याच्या बायकोने त्या वाण्याला देऊन टाकल्या. वाणी त्यात मिरे बांधायचा, साबण बांधायचा. पुढे एका शाळामास्तराच्या हातात पुडी आली, त्याने सोडून पाहिली आणि तो तसाच दुकानाकडे पळाला. उरलंसुरलं जे वाचलं तेच त्या पुस्तकात. तुम्ही म्हणायचात, "त्या बाईले किंमत नाई समजली. जन्मभर ऐकलं आन् मिऱ्याच्या पुड्याइले देलं!"

मी म्हणायची, "तिनं काय करायचं होतं? लेकरं कागद खातील?"

"विकायचंच होतं तं समजणाऱ्याले विकायचं."

"समजणारे होते कोठी? जिवंत होता तवा आले का कोणी?"

यावर तुम्ही ताट पुढे ओढायचात, पण पटलेलं नसायचं.

मी तुम्हाला विचारलं होतं, त्या बाईचं नाव काय? तुम्ही पाद्रीबाबांना विचारून आलात. त्यांनी पानं पुढे-मागे करून पाहिली. बापाचं नाव होतं, गुरूचं होतं, ज्याने जागा पटकावली त्या जावयाचं होतं, पुडी सोडणाऱ्या शाळामास्तराचंही होतं. हिचं नव्हतं. नुसतं 'पत्नी'. आणि गंमत अशी की तुमची सगळ्यांत लाडकी चीज, ती संध्याकाळची, तिच्या डोक्यावर जर्मनाने लिहिलं होतं म्हणे, 'पत्नीसाठी'. तुम्ही त्यावर आणखीच चिडलात. स्वतःसाठी केलेली चीज पुडीत घातली तिनं! मी म्हटलं, "मंग तिचीच होती ना? तिच्या चिजेचं तिनं वाट्टेल थे करावं!" तुम्ही पाहतच राहिलात माझ्याकडे. मला वाटलं, आता चिडता की काय. पण हसलात, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला समोर बसवून ती चीज सबंध वाजवून दाखवलीत.

सबंध म्हणजे होती तेवढी.

पाद्रीबाबा थकले, मायदेशी परत जायला निघाले, तेव्हा फुटक्या भात्याची ती पायपेटी आणि ते पुस्तक तुम्हाला देऊन गेले. भात्याला तुम्ही कातडं लावलंत, खालून माझ्या जुन्या लुगड्याचं अस्तर शिवलंत, आणि ती आपल्या घरात बोलू लागली. त्या चिजेत दोन हात दोन गोष्टी बोलतात हे मला तेव्हा कळलं. तुम्ही समजावलंत, "एक जण निघते. थोडा समोर गेला का मागून दुसरा थेच बोलत निघते. पहिला थांबत नाई, दुसरा अडत नाई." मी म्हटलं, दोघं एकाच वेळी बोलतात आणि भांडण होत नाही, असं आपल्या घरी कधी झालं? तेव्हापासून मला मागून येणारा सूर बरोबर ऐकू यायला लागला. पुढचा तुम्ही गुणगुणायचात कापड बेतताना, आणि चुलीपाशी मागचा कधी माझ्या तोंडात यायचा मला कळायचंही नाही.

पण चीज पुरी नव्हती. शेवटचं पान पुडीत गेलेलं. दोन्ही हात वर चढत चढत 'नी'वर यायचे आणि थांबायचे. पुढे पुस्तकात कोरी जागा. तुम्ही हात उचलायचात. मी विचारायची, "मंग?"

"मंग नाई माईत."

रोजचंच झालं होतं हे आपलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "नी झाला ना, आता सा लावून टाका! लहान लेकरालेही समजते." तुम्ही म्हणालात, "थो सा त्याचा नसन तं?" आणि कधी लावला नाहीत. एकदाही नाही. पाहुणे टांगल्यासारखे बसून राहायचे, तुम्ही खुशाल उठून पाणी प्यायला जायचात.

मग मंडईच्या नाटकात तुम्ही तीच चाल घातलीत. नदीपलीकडे सावली तालुक्यातल्या एका गावात नाटक होतं. लेक माहेर सोडून जाते, बाप दारात उभा राहतो, तिथे मागे ती वाजली. 'नी'वर येऊन थांबली आणि पडदा पडला. लोक उठेनात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोकांनी तुम्हाला घेरलं, "मास्तर, कोण्ती चाल होती जी थे?" तुम्ही सरळ सांगितलंत, "जर्मनची."

आता आपल्याकडे जर्मन म्हणजे काय? भांडी! ॲल्युमिनियम म्हणायला कोणाची जीभ वळते? जर्मनचा गंज, जर्मनची परात. मास्तर म्हणाले जर्मनची चाल, म्हणजे मास्तरांनी ती जर्मनच्या गंजावर वाजवत वाजवत बसवली, असा सगळ्या गावाने अर्थ लावला. तुम्ही सांगायला गेलात की जर्मन एक देश आहे, तिथे एक माणूस होता. कोणी ऐकेल तर शपथ! भागाबाई नावाची एक म्हातारी तर घरून नवा गंज घेऊन आली. "मास्तर, हा घ्या जी. याचा आवाज चांगला आहे, पुढची चाल याच्यावर बसवा." आणि तुम्ही तो घेऊन आलात घरी! नाही कसं म्हणू, म्हणालात, इतक्या प्रेमाने दिला.

मग काय, ते लोण गावोगाव पसरलं. कोणाला नाटक आवडलं की मास्तरांना शाल-नारळ नाही, जर्मनचा गंज. आपल्या घरात माणसं दोन आणि गंज इतके की पावसाळ्यात छत गळलं तरी एकही थेंब जमिनीवर पडत नव्हता. मी चिडवायची, "तुमचा जर्मन घरभर झाला." तुम्हाला आधी वाईट वाटायचं, त्या माणसाचं नाव कोणाला कळलंच नाही म्हणून. मग म्हणायचात, "नाव नाई तं नाई, चाल तं गेली."

हे सगळं आज का सांगते आहे? तुम्हाला काय हे ठाऊक नाही? पण कोणाला तरी सांगावं वाटतं आणि हे ऐकायला तुमच्याशिवाय माणूस नाही. आपल्याला मूलबाळ असतं तर त्याला सांगितलं असतं.

कालचं सांगते. भंतेजी अजून यायचे होते. बायका आत, पुरुष मंडपात. मी तुमच्या फोटोपाशी बसलेली. तेवढ्यात फाटकातून भागाबाई आली. आता पार वाकली आहे. वैनगंगा ओलांडून एसटीने आली एकटी, आणि काखेत काय, तर जर्मनचा गंज! नवा कोरा, उन्हात असा चमकत होता की मंडपातल्या माणसांनी डोळ्यांवर हात धरले. फोटोपुढे फुलं होती, मेणबत्त्या होत्या, त्यांच्या मधोमध तिने तो गंज ठेवला आणि म्हणाली, "घ्या मास्तर. वाजवत जा तिकडं."

मला हसू आलं, मास्तर. पदर तोंडाला लावून मी हसले आणि ते थांबेना. नणंदेला वाटलं, आता रडते आहे, ती जवळ आली, तिने पदर बाजूला केला आणि पाहिलं. तिचा चेहरा असा झाला! बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

भागाबाईला मात्र काही विचित्र वाटलं नाही. ती खाली बसली, गंज पालथा घातला आणि बोटांनी वाजवायला लागली. आणि गायला लागली. तीच चाल! शब्द तिचे, धानाचे, बांधीतल्या पाण्याचे, माहेराला निघालेल्या बाईचे. पण सूर तोच. पुढचा. जर्मनाचा. मी मागचा मनात धरला, सवयीने. चढत चढत ती 'नी'वर आली. मी आपोआप थांबले. आता हात उचलायचे, आता पाणी प्यायला उठायचं.

ती थांबली नाही!

ती पुढे गेली, मास्तर. आणि 'सा'वर नाही गेली. मला वाटलं जाईल, सगळ्यांना वाटतं तसं. ती वर न जाता खाली उतरली, हळूच, पायरीवरून एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन उतरते तशी, दोन सूर. तिसऱ्यासाठी तिने श्वास घेतला आणि मंडपातून पांडुभाऊ ओरडले, "आजी, बंद कर वो, भंतेजी आले." ती थांबली. सगळे उठून उभे राहिले. वंदना सुरू झाली. मी हात जोडले होते, तोंडाने म्हणत होते आणि कानात ते दोनच सूर.

जेवणं झाल्यावर मी तिला गाठलं. विचारलं, "आजी, थे गाणं पुरं येते तुले?"

"न याले का झालं? धानाच्या रोवण्याले आमी थेच तं म्हणतो. तुह्या मास्तरची चाल."

"पण थे तं अर्धीच आहे. शेवट कोणं केला?"

"शेवट?" तिला प्रश्नच कळेना. "अवो, वाफ्यात रोवत रोवत मांगं सरकाचं, आन् वाफा सरून धुऱ्यापाशी गेल्यावर गाणं लोंबकळत ठेवाचं का? झालं आपोआप. कोणं केला मंतेस, आमी साऱ्याइनंच केला."

"मंग म्हण ना आता."

तिने तोंड उघडलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि मान हलवली. "नाई येत वो माय, इथी कोरड्यात. पाय चिखलात पाहिजेत, हातात धानाचे पऱ्हे पाहिजेत. तवाच येते थे. मघाशी आलं, थे मास्तरच्या फोटोमुळं आलं असन." आणि म्हणाली, "रोवण्याले ये. माह्या बाजूले उभी राह्य. चिखलात पाय टाकला का तुलेही येईन."

कळलं का मास्तर? तुम्ही मंडईला जायचात, दिवाळीनंतर. धान कापून झालेलं, शेतं सुकलेली. रोवण्याच्या दिवसांत तुम्ही इथे चामोर्शीत, शाळेचे गणवेश शिवत. त्या गावात तुम्ही किती वेळा गेलात, पण पावसात एकदाही नाही. तुम्ही शेवट शोधत होतात त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानात आणि पाद्रीबाबांना पाठवलेल्या पत्रांत, आणि इकडे नदीपलीकडे बायका तो दरसाल म्हणत होत्या. एकदा तरी जायचं होतं हो. मला तरी न्यायचं होतं.

तो शेवट जर्मनाचा नाही, हे मला कळतं. तुम्ही म्हणाल, थो त्याचा नसन तं? नसेलच. पण कोणाला तरी पुढे जावंसं वाटलं ना.

आता पांडुभाऊंचं. नाटक मंडळी त्यांची, मंडई तोंडावर आली, त्यांचं चुकत नाही. नागभीडकडून नवा पेटीवाला आणला आहे. म्हणाले, "वहिनी, पायपेटी द्या. घरी ठेवून कसर लागन." मी म्हटलं, "न्या." मग म्हणाले, "आन् थे जर्मनची चाल आहे ना, नवा मास्तर म्हणते, अर्धी काऊन ठेवाची? शेवटी सा लावून टाकतो. लोकाइले बरं वाटन."

तेवढं ऐकलं आणि मास्तर, या इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं. रडू नाही. राग आला. मी इतक्या मोठ्याने "नाई!" म्हणाले की पांडुभाऊंच्या हातातला चहा सांडला. "पेटी न्या, पण थो सा लावाचा नाई. नी वरच सोडाचं. मास्तर सोडत होते तसं." ते म्हणाले, "वहिनी, थे अधुरं वाटते." मी म्हटलं, "वाटू द्या. अधुरंच आहे." हो म्हणून गेले बिचारे. घाबरले असतील. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस आहे, लावायचा नाही.

पेटी जाते आहे म्हणून तुम्ही रागावला असाल. मी त्या जर्मनाच्या बायकोसारखीच निघाले ना? समजणाऱ्याला तरी देते आहे, मिऱ्याच्या वाण्याला नाही. पण तेही खरं कारण नाही. खरं सांगू? मला ती पेटी दिसत नाही आता. म्हणजे दिसते, पण खाटेसारखी, फळीसारखी. झाकण उघडून मी एक पट्टी दाबली, भाता मारलाच नव्हता, मग आवाज कुठून येणार? दाबली आणि सोडली. मला काही वाटलं नाही. तेव्हा ती बाई मला कळली. तिला किंमत कळत नव्हती असं नाही हो मास्तर. तिचंही असंच झालं असेल. त्या पेट्या घरभर, आणि उघडून पाहावं तर नुसती कागदावरची टिपकी, आवाज काही नाही. वाजवणारा गेला आणि तिच्या चिजेचे नुसते कागद झाले. वाण्याकडे निघाली तेव्हा तीही रडली नसेल. तिला बोल लावू नका आता. तिथे भेटली तर माझा जय भीम सांगा, आणि नाव विचारून ठेवा.

पुस्तक देत नाही. ते राहील. नव्या मास्तराला जर्मनाची सगळी हकिगत मी उद्या सांगणार आहे, शिंपी बापापासून पुडीपर्यंत. त्याने ऐकलं नाही तरी सांगणार. भांडी आणि माणूस यातला फरक त्या एकाला तरी कळू दे.

दुकान अजून उघडलं नाही. परवा एक जण पायजमा मागायला आला, लाजत लाजत. तुम्ही शिवून ठेवलाच होता. नाडी तेवढी राहिली होती, ती मी घातली आणि दिला.

तर आता ऐका, मी काय करणार आहे ते. पुढच्या पावसाळ्यात पऱ्हे उपटायला आले की मी नदीपलीकडे सावलीला जाईन. बालवाडीच्या नोकरीतून सुट्टी काढीन. लुगडं खोचून भागाबाईच्या बाजूला चिखलात उतरीन. म्हातारी तोवर टिकली पाहिजे, एवढंच. नाही टिकली तर तिच्या बाजूची, तिच्याही बाजूची. कोणीतरी म्हणेलच. रोवत रोवत मागे सरकेन, 'नी'वर येईन, आणि त्या थांबणार नाहीत तेव्हा मीही थांबणार नाही. रडू आलं तर तिथेच येईल. नाही आलं तरी चिखलात कोणाला कळतं?

शिकून घरी येईन. तुमच्या शिलाईयंत्रापाशी बसेन, एक गंज पालथा घालेन. घरात काय कमी आहेत? आणि म्हणायला लागेन. मागचा सूर नाही, या वेळी पुढचा. 'नी'वर आले की थांबेन, हात उचलेन.

मग तुम्ही विचारायचं, "मंग?"

मला माहीत असेल.

खाली नाव लिहिते आहे. नुसतं 'घरवाली' नको, पुढेमागे कोणी पानं उलटून शोधत बसायचं.

तुमची
शेवंता